आनंद आहे, पण कोणता?

आमच्या घरात 'आनंद' झाला, की साधारण तासाभरात प्लंबर येतो.

म्हणजे झालंय असं, की 'आनंद आहे' हे दोन शब्द आमच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या फक्त वाईट बातमीसाठी राखून ठेवलेत. पिशोरला माझे वडील शेती करायचे. ऐन पेरणीत बैलानं भर रानात बसकण मारली, की वडील कासरा खाली टाकून म्हणायचे, "आनंद आहे!" माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे आमच्या दादांना, दहावीला गणितात अकरा मार्क पडले. वडिलांनी गुणपत्रिका उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. दोन्ही बाजूंनी अकराच! मग ती घडी घालून दादांच्या खिशात ठेवली अन् म्हणाले, "आनंद आहे!" दादा त्यानंतर शाळेत गेले नाहीत.

पुढं मी नोकरीसाठी संभाजीनगरात आलो, हर्सूलकडं छोटं घर बांधलं, आणि येताना हे दोन शब्द ट्रंकेत घालून आणले. आठ दिवसांनी नळाला पाणी यावं अन् नेमकी त्याच वेळी लाइट जावी, की मी म्हणतो, "आनंद आहे!" मोटार जळाली, आनंद आहे! टाकी भरून वाहिली, आनंद आहे! शोभाला (ही माझी बायको) याची इतकी सवय झालीय, की मी बाथरूममधून "आनंद आहे!" म्हणालो की ती बाहेरूनच विचारते, "काय फुटलं?"

मग खरोखरीचा आनंद झाला तर काय म्हणायचं? काही नाही. गप्प बसायचं. आमची मुलगी अश्विनी झाली तेव्हा वडील पिशोरहून दवाखान्यात आले, बाळाकडं डोळे भरून पाहिलं, घसा खाकरला, अन् मला म्हणाले, "चहा सांग." आमच्या घराण्यात इतका आनंद त्याआधी कुणी व्यक्त केला नव्हता.

नोकरीनं या सवयीला खतपाणीच घातलं. मी जमीन मोजणीच्या खात्यात होतो. बांधाची हद्द दाखवायची, म्हणजे एकाचं हसू अन् दुसऱ्याचं रडू एकाच खुंटीला बांधलेलं. तिथं तोंडातून बरा-वाईट शब्द काढायची सोय नाही. एकदा मोजणी चालू असताना मी सहज "वा, झकास!" म्हणालो (मला न्याहारीला आणलेली मिरचीची भजी आवडली होती), तर शेजारच्या बांधावरचा माणूस ढेकूळ उचलून माझ्याकडं धावला! तेव्हापासून मी कामावर भजीसुद्धा गुमान खात असे.

अशा माणसाच्या घरात गेल्या उन्हाळ्यात एक बातमी आली.

रविवार होता, सकाळचे दहा. मी स्टुलावर उभा राहून कूलरचं गवत बदलत होतो. मागची जाळी काढली होती, तिचे तीन स्क्रू खिशात होते अन् चौथा दातांत धरलेला. अश्विनी आली अन् स्टुलाजवळ उभी राहिली. सत्तावीस वर्षांची पोरगी, बिडकीनकडच्या एका कंपनीत नोकरी करते, तिथं ती भल्याभल्यांचा माल नापास करते. पण त्या दिवशी ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"पप्पा, थोडं बोलायचंय."

"हं."

"खाली उतरता का?"

"हं हं." (म्हणजे, तू बोल, मी ऐकतोय.)

"मी लग्न करायचं ठरवलंय. कंपनीतलाच आहे. सुमेध नाव आहे. बिडकीनचाच."

आणि तिनं आडनाव सांगितलं. आपल्याकडं आडनाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. आम्ही पिशोरकडचे शेतीवाडीवाले मराठा. तो बौद्धांच्या घरातला. कूलरमधून तेवढं पाणी ठिबकत होतं.

दोन सेकंद गेले असतील. मग मी खाली तिच्या तोंडाकडं पाहिलं. दहावीचा निकाल लागायच्या आधी असं तोंड करून ती बसली होती. आणि मला काय झालं कोण जाणे, छातीत एकदम काहीतरी मोकळं झालं. पोरीनं माणूस निवडला होता, स्वतः निवडला होता, आणि पळून न जाता, न लपवता, बापाच्या स्टुलाशी येऊन सांगत होती! मला आनंद झाला. खरा, पोटातून. मनाशी म्हणालो, आज 'चहा सांग' नाही म्हणायचं. वडिलांसारखं नाही करायचं. आज बोलायचं! आणि बोललो.

"आनंद आहे."

तोंडात स्क्रू. त्यामुळे ओठ हलले नाहीत, शब्द दातांतून निघाले. आणि निघता निघता स्क्रू सुटला तो टाकीच्या पाण्यात टुबुक!

अश्विनीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली, आतल्या खोलीत गेली, अन् दार लागलं. आपटलं नाही, हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

शोभा स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं बाहेर आली. "काय बोललात हो तिला?"

"आनंद आहे म्हणालो."

"अरे देवा!" ती खुर्चीवर बसलीच. तिला पोरीनं आदल्याच दिवशी सगळं सांगितलेलं होतं. "अहो, लेकरू तीन महिने हिंमत गोळा करायलंय, अन् तुम्ही तिला टोमणा मारला?"

"टोमणा नाही गं! मला खरंच आनंद झालाय!"

शोभानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी मोजणीचा नकाशा उलटा धरलाय. तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्या तोंडून हे वाक्य कधी ऐकलेलं नव्हतं. "मग जा, सांगा तिला," ती म्हणाली. "नीट सांगा."

मी दारापाशी गेलो. "अश्विनी, अगं खरंच आनंद आहे!"

आतून हुंदका. 'खरंच' शब्दानं ते आणखी धारदार झालं होतं.

"छान केलंस तू!"

आणखी मोठा हुंदका.

"अगं, मोठं काम केलंस! शाब्बास!"

आता आत उशी तोंडावर दाबल्याचा आवाज. मला घाम फुटला. घाईत माणसाच्या तोंडाला ब्रेक राहत नाही. मी ओरडलो, "अगं, घराण्याचं नाव काढलंस तू!"

शोभानं मला दंडाला धरून मागं ओढलं. "बस करा आता! एकेक शब्दानं आग लावायलात!"

मी ओट्यावर जाऊन बसलो अन् पहिल्यांदाच विचार करायला लागलो, की आपल्याकडं चांगले म्हणून जेवढे शब्द आहेत त्यांचं आपण केलंय काय? छान! वा! शाब्बास! धन्य आहे! मजा आहे बुवा तुमची! कल्याण झालं! उजेड पाडलास! एकही शब्द असा नाही, ज्यानं आम्ही कुणाला तरी ओरबाडलेलं नाही. सणावारासाठी ठेवलेली चांगली भांडी रोज राख काढायला वापरावीत, अन् मग पाहुणे आल्यावर ताट शोधत बसावं, तशी माझी गत झाली होती. पोरीला वाढायला एकसुद्धा स्वच्छ भांडं घरात नव्हतं.

एवढ्यात शेजारचे करीमभाई आले. त्यांचा पाना माझ्याकडं होता, तो मागायला. शोभाचे डोळे लाल, माझं तोंड उतरलेलं. त्यांना वाटलं, कुणी गेलं. शोभानं थोडक्यात सांगितलं. करीमभाईंनी पाना विसरून मला मिठीच मारली.

"अरे मुबारक हो भाईसाब! लडकी की शादी, अन् तुम ऐसे बैठे? मुबारक हो, मुबारक हो!"

झालं! एक क्षण नाही लागला! ना खाकरणं, ना इकडं-तिकडं बघणं. मला त्यांचा हेवा वाटला. शब्दसुद्धा कसा कोरा करकरीत, आमच्या घरात कधीच न वापरलेला! मी तसाच उठलो, दारापाशी गेलो अन् दणक्यात म्हणालो, "अश्विनी, मुबारक हो!"

आतून आवाज आला, "मम्मी, आता उर्दूत टोमणे मारायलेत ते!"

करीमभाई पाना घेऊन हळूच निघून गेले.

दुपारी मी ठरवलं, दादांना फोन करायचा. वडिलांच्या माघारी घरचं मोठं माणूस तेच. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. दादा सत्तरीचे, पिशोरला आल्याची शेती करतात, फोनवर रानात हाक मारल्यासारखं बोलतात.

"दादा, अश्विनीचं लग्न जमलंय!"

"व्हय? कुणाकडचं?"

मी सांगितलं. गाव सांगितलं, आडनाव सांगितलं. लांब कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता, त्याची धडधड तेवढी येत होती. मग दादा म्हणाले,

"आनंद आहे."

कोणता? हा कोणता आनंद? गुणपत्रिकेतला, की दुसरा? दुसरा असा काही आमच्या घरात असतो का? मी भीत भीत विचारलं, "दादा, म्हणजे कसं?"

"म्हणजे कसं काय? आनंद आहे!" अन् फोन बंद.

मी फोनकडं बघत बसलो. सकाळी दाराआड पोरीला काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं. दोन शब्द हातात देऊन माणूस निघून जातो, अन् आपण ते उलटेपालटे करून बघत बसतो. दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात!

पुढचे चार दिवस घरात कुणी फारसं बोललं नाही. अश्विनी डबा घेऊन जायची, डबा घेऊन यायची. मी काही बोलायला तोंड उघडलं की शोभा डोळे वटारायची. गुरुवारी संध्याकाळी अश्विनी स्वतःच समोर येऊन बसली.

"सुमेधच्या वडिलांना तुम्हाला भेटायचंय. रविवारी. त्यांनी विचारलं, तुझे पप्पा काय म्हणाले."

"मग? तू काय सांगितलं?"

"जे म्हणालात तेच."

"अन् ते काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलं," अश्विनी जमिनीकडं बघत म्हणाली, "कसं म्हणाले?"

रविवारी आम्ही तिघं बिडकीनला निघालो. मी दादांनाही वेळ अन् पत्ता कळवला होता. त्यावर ते "बघतो" एवढंच बोलले होते. म्हणजे ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. पण सुमेधच्या गल्लीत वळलो, तर लिंबाखाली दादांची जीप! काचा वर, दादा आत बसलेले, डोक्याला टोपी, घामानं निथळत. पिशोरहून सकाळीच निघाले असणार.

"दादा, आत का नाही गेलात?"

"पोरीच्या बापाआधी आत जायचं नसतं," दादा म्हणाले अन् खाली उतरले. अश्विनीनं वाकून नमस्कार केला. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण तोंडाकडं पाहिलं नाही. हा माणूस आशीर्वाद द्यायला आलाय, की लग्न मोडायला?

सुमेधचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्धाची, खाली पुस्तकांचं कपाट. सुमेधनं पाण्याचा ट्रे आणला. पोरगा चांगला होता हो! हात मात्र इतके थरथरत होते की चार पेल्यांपैकी अडीचच पेले पाणी आमच्यापर्यंत पोचलं.

दादांनी पेला उचलला. सगळ्यांचं लक्ष त्या पेल्याकडं. गुरुजींचं, त्यांच्या बायकोचं, माझं, शोभाचं. दादांनी पेला तोंडाला लावला, घटाघटा सगळा पिऊन टाकला, अन् सुमेधला म्हणाले, "आणखी आण." खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. पण त्यापुढं दादा काही बोलेनात.

गुरुजींनी चष्मा पुसला, परत घातला.

"साहेब, एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही 'आनंद आहे' म्हणालात, असं कळलं. आमच्याकडंही म्हणतात तसं. एकदा आमच्या शाळेच्या छपराचे पत्रे वादळात उडाले. वरून साहेब पाहणीला आले, मान वर करून आभाळ बघितलं अन् म्हणाले, आनंद आहे. पत्रे दोन वर्षांनी आले. म्हणून मला एवढंच विचारायचंय." ते थांबले. "कोणता?"

मी येताना गाडीत भाषण तयार केलं होतं. चांगलं पाठ केलं होतं. त्यातला एक शब्द आठवेल तर शपथ! गुरुजी माझ्याकडं बघत होते, अन् त्या नजरेत राग नव्हता. भीती होती. मग मी खरं काय ते सांगायचं ठरवलं.

"गुरुजी, पोरीनं सांगितलं अन् मी बोललो, यात दोन सेकंद गेले."

"बरं."

"त्या दोन सेकंदांत मी पिशोरला जाऊन आलो. भावकी काय म्हणेल, पारावर काय बोलतील, दादा..." दादांकडं बघायची माझी हिंमत झाली नाही. "हे सगळं डोक्यात येऊन गेलं. आलं नाही असं म्हणालो तर खोटं होईल. मला लाज वाटली त्याची. मग मी पोरीचं तोंड पाहिलं. अन् मग मला आनंद झाला. अगदी खरा. पण बोलताना त्या दोन सेकंदांचा थोडा गाळ आवाजात राहिला असेल. नुसत्या स्क्रूला दोष देण्यात अर्थ नाही."

"स्क्रू?" गुरुजींच्या बायकोनं विचारलं.

"तोंडात होता," शोभा हळूच म्हणाली.

"तीन होते," अश्विनी एकदम बोलली.

"एकच स्क्रू होता गं!"

"सेकंद, पप्पा. दोन नाही, तीन होते. मी मोजले." मोजणीवाल्याची पोरगी! तिचे डोळे भरले होते, पण आठ दिवसांत पहिल्यांदाच ती माझ्याकडं सरळ बघत होती.

गुरुजींनी आधी तिच्याकडं पाहिलं, नंतर माझ्याकडं. मग म्हणाले, "तीन सेकंदांत पिशोरला जाऊन परत? आमच्या एसटीला निम्मा दिवस लागतो."

आधी सुमेध हसला, मग त्याची आई, मग शोभा. मीही हसलो (म्हणजे मला तसं वाटलं). गुरुजी मात्र हसता हसता थांबले.

"तुम्हाला तीन सेकंद लागले, साहेब. मला तीन दिवस. सुमेधनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो, बघू. 'बघू'ला तर काहीच अर्थ नसतो. तीन दिवस झोपलो नाही. पोरगी वाईट म्हणून नाही हो. मला भीती वाटली. कुणी माझ्या पोराला अडवील, मारील, काय काय मनात आलं. पोरगा खुशीत दिसत होता, अन् मी त्याला 'अभिनंदन' एवढा शब्द दिला नाही. आयुष्यभर पोरांना समानार्थी शब्द शिकवले मी. आनंदाचे फळ्यावर सात लिहायचो."

सुमेध ट्रे छातीशी धरून वडिलांकडं बघत उभा होता. आणि मग आम्ही सगळे, ठरवल्यासारखे, दादांकडं वळलो.

दादांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत डोक्यावर घातली.

"माझं लई अवघड नाय," ते म्हणाले. "ह्यानं फोन केला, मी आनंद आहे म्हणलो. वाईट वाटलं म्हणून म्हणलो. जे वाटलं तेच म्हणलो. ह्याच्यासारखा घोळ नाय माझा."

शोभानं पदर तोंडाला लावला. गुरुजी ताठ झाले. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मग, दादा," मी कसाबसा विचारलं, "इथं कशाला आलात?"

"म्हणजे?" दादा माझ्यावरच उखडले. "पोरगी माझ्या खांद्यावर बसून यात्रा बघायची! मला वाईट वाटलं म्हणून तिच्या लग्नाला यायचं नाय का मी? वाईट माझं मला वाटलं, तिनं काय केलं त्यात?" मग ते गुरुजींकडं वळले. आवाज उतरला. "गुरुजी, खोटं बोलत नाय. मला आनंद व्हायला टाइम लागंल. म्हातारं माणूस हाय. तवर जेवून घेऊ. माणसं बरी दिसतात तुमची."

गुरुजींनी दादांकडं बराच वेळ पाहिलं. मग उठले, त्यांच्याजवळ गेले अन् म्हणाले, "तुमचं सगळ्यात स्पष्ट आहे. या, हात धुवा."

जेवायला मटण अन् ज्वारीच्या भाकरी होत्या. दादांनी चार भाकरी खाल्ल्या. पाचवीला नको म्हणाले, तेव्हा गुरुजींची बायको म्हणाली, "पाव्हणं, आनंद व्हायला ताकद लागती, घ्या." दादांनी घेतली.

परत येताना अश्विनी पुढं माझ्या शेजारी बसली. बराच रस्ता ती ओढणीचं टोक पिळत होती. मग म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी दाराबाहेर तुम्ही जे जे म्हणालात, ते सगळं खरं होतं?"

"सगळं."

"घराण्याचं नाव काढलंस, तेसुद्धा?"

"ते तर सगळ्यात खरं होतं गं!"

ती खिडकीबाहेर बघत हसायला लागली, ती थांबेचना. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून तिनं डोळे पुसले. मला फार काही बोलावंसं वाटलं. पण शोभा मागून म्हणाली, "तुम्ही गाडीकडं लक्ष द्या," अन् ते बरोबरच होतं.

लग्न दिवाळीनंतर झालं. साधंच, दोन्हीकडची मिळून दोनेकशे माणसं. भावकीतले काही आले, काही आले नाहीत. दादा आदल्या दिवशीच आले अन् मांडवात खुर्ची टाकून बसले. त्यांना आनंद झाला की नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण आल्याची काढणी सुरू झाली तेव्हा त्यांनी मला न कळवता सुमेधला फोन करून रानात बोलावून घेतलं, अन् निघताना त्याच्या गाडीच्या डिकीत एवढं आलं भरलं, की बिडकीनची ती गल्ली महिनाभर चहा पीत होती.

माझं म्हणाल तर, मीही बदललो. त्या लग्नात मी मनाशी ठरवलं होतं, की आज आतलं सगळं बाहेर दाखवायचं, हातचं काही राखायचं नाही. आणि दाखवलं! माझं तरी तसंच मत होतं.

परवा समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या बाई आमच्याकडं बसायला आल्या. शोभानं कौतुकानं लग्नाचा अल्बम काढला. बाई एकेक पान बघत होत्या, अश्विनीचं रूप, सुमेधचा रुबाब. मधेच एका फोटोवर थांबल्या. त्यात मी एकटाच होतो. बाईंनी माझ्याकडं चोरून पाहिलं, अल्बम शोभाकडं सरकवला, अन् अगदी हळू आवाजात विचारलं,

"वहिनी, इथं काकांना काही होत होतं का? दवाखान्यात न्यावं लागलं?"

शोभानं चष्मा लावून फोटो नीट निरखला.

"नाही हो," ती म्हणाली, "इथं ते नाचायलेत!"